मुखपृष्ठावरून कापलेले आजोबा

आमच्या साप्ताहिकात तरुणांना हसायची बंदी आहे. तसा लेखी नियम नाही, पण मी वीस वर्षं इथे पानं लावते आहे आणि एवढ्या काळात मुखपृष्ठावर एकाही तरुणाचे दात दिसलेले नाहीत. म्हातारे हसतात, बाळं हसतात, टूथपेस्टच्या जाहिरातीतल्या बाया तर हसून हसून बेजार होतात. तरुण मात्र टोपी डोळ्यांवर ओढून, भिंतीला टेकून, जगावर रुसलेला. फोटोग्राफर तसेच फोटो काढतो. चुकून एखादं हसू निसटलंच, तर ते कापायचं काम माझं. त्यात माझा हात इतका बसलाय की हल्ली मी नीट न बघताच कापते.

या खेपेला पाळी स्केटबोर्डवाल्या पोरांची होती. वाचनालयाच्या मागे पोहण्याचा जुना तलाव आहे, कित्येक वर्षं कोरडाठाक. त्याच्या उतारांवर ही पोरं संध्याकाळभर घसरत असतात. स्वतःला ‘ढोपरफुटे’ म्हणवतात. त्यांच्यात माझी सख्खी भाची आहे, त्यामुळे त्या नावात अतिशयोक्ती नाही हे मी शपथेवर सांगू शकते. तलावाला कुलूप लावायचं की नाही, हे सोमवारी नगरपालिकेच्या बैठकीत ठरणार होतं. आमचा अंक शनिवारी निघणार होता आणि बैठकीतल्या प्रत्येकाच्या घरी तो जातो. भाचीनं आठवडाभर धड जेवण केलं नव्हतं.

संपादकांचं मत आधीच ठरलेलं होतं. लेखाचं शीर्षकही तयार होतं, ‘उतारावरची पिढी’. माणूस तसा वाईट नाही. रोज सकाळी आल्या आल्या वडिलांची काळजी माझ्यासमोर मांडतात.

“बाई, बाबांचं ढोपर पुन्हा सुजलंय. फिरायला म्हणून जातात आणि पायरीवरून घसरतात. या वयात जरा बघून चालावं की नाही?”

मग कुठलं तेल चांगलं यावर आमची चर्चा होते. ती संपली की ते तरुणांवर घसरतात.

फोटोग्राफर दोनशे फोटो घेऊन आला तो वैतागूनच. “गंभीर व्हा म्हटलं की जास्तच खिदळतात हो,” तो म्हणाला. खरंच, एकशे नव्याण्णव फोटोंत नुसता हशा होता. एक मात्र आम्हाला हवा तसा निघाला. तलावाच्या काठावर पाच-सहा जण, भुवया जुळलेल्या, जबडे आवळलेले, आणि पुढच्या पोराच्या मुठीत लोखंडी पाना. उजव्या बाजूला कुणीतरी पिवळं हेल्मेट घातलेला म्हातारा होता. तरुणांच्या फोटोत म्हाताऱ्याचं काय काम? मी त्याला कापला, पाना मधोमध आणला आणि फोटो संपादकांना दाखवला.

“वा,” ते म्हणाले. “बघूनच धडकी भरते.”

शुक्रवारी दुपारी भाची माझा विसरलेला डबा घेऊन आली. मुखपृष्ठ पडद्यावर उघडंच होतं. तिनं वाकून पाहिलं.

“मावशी, आजोबा कुठे गेले?”

“कोण आजोबा?”

“अगं, आमचे आजोबा. इथे उजवीकडे होते ना. मोठ्या उतारावर त्यांचा पहिलाच दिवस होता. आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता, बघ की चेहरे.”

“आणि हा पाना कशाला?”

“नवीन माणूस उतरायच्या आधी त्याच्या बोर्डाची चाकं दुसऱ्यानं आवळायची, असा आमचा नियम आहे. त्यानं आजोबांची दोनदा आवळली.” मग तिनं माझ्याकडे पाहिलं. “तू कापलंस त्यांना?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या पोरीची ढोपरं धुऊन मी स्वतः मलम लावलं, तिच्या दोस्तांना मीच गुंड करून ठेवलं होतं, तेही काही मनात नसताना, निव्वळ सवयीनं. ती डबा ठेवून निघून गेली.

मी अख्खा फोटो छापून घेतला आणि संपादकांच्या खोलीत गेले. पान छपाईला जायला अर्धा तास उरला होता.

“साहेब, हा पूर्ण फोटो लावू या. त्या पोरांना या माणसाची काळजी वाटत होती, म्हणून चेहरे तसे आहेत.”

“बाई, आता शेवटच्या क्षणी नसता घोळ नको,” असं म्हणत त्यांनी कागद हातात घेतला आणि बघतच राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“हे हेल्मेट माझं आहे,” ते म्हणाले. “स्कूटरचं. महिनाभर शोधतोय.”

“हेल्मेटच्या आत कोण आहे?”

“बाबा आहेत.” त्यांनी कपाळावर हात मारला. “आणि मी रोज रात्री त्या ढोपराला तेल चोळतोय.”

मला हसू आवरेना. क्षणभरानं त्यांनाही आवरेना.

“शीर्षक मी बदलतो,” ते डोळे पुसत म्हणाले. “तुम्ही फोटोला हात लावू नका.”

शनिवारी अख्खा फोटो आजोबांसकट छापून आला. शीर्षक होतं, ‘आधी चाकं तपासा’. सोमवारी कुलूप लागलं नाही. वर एक कठडा मंजूर झाला, आणि हेल्मेटची सक्ती, जी पोरांमध्ये आधीपासून होतीच. भाचीनं त्या दिवशी माझ्याही ताटातलं खाल्लं.

पुढच्या रविवारी संपादक स्वतः तलावावर आले, सोबत फोटोग्राफर. आजोबा मोठ्या उताराच्या टोकाशी उभे होते. पोरांनी संपादकांच्या हातात पाना दिला. त्यांनी वडिलांची चाकं आवळली, दोनदा. मग तिसऱ्यांदाही. आजोबा कंटाळून म्हणाले, “आता सोड रे.”

आजोबा सुटले. काठावर संपादकांच्या भुवया जुळल्या, जबडा आवळला, मुठीत पाना घट्ट झाला. फोटोग्राफरनं तेवढ्यात फोटो काढला. आजोबा खाली पोचून हात हलवू लागले, तरी संपादकांची मूठ सुटत नव्हती.

तो फोटो मी माझ्या टेबलासमोर लावलाय. कुठेही न कापता.