निळ्या दिव्याचं पाणी

ऐक, मधे बोलू नकोस! नेदाताईच्या घरी अख्खी गल्ली जमलेली. बाळ चार दिवसांचं, भोपळ्यासारखं पिवळं. इस्पितळात काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवलेलं, ते ताईनं आपल्या जबाबदारीवर सही करून घरी आणलं. का? गल्लीतली मंत्र घालणारी वेलिका आजी म्हणाली, "दिवा बीजात शिरतो गं! नातवंडं वाकडी निपजतील!"

आजीनं बाटलीतलं जांभळट पाणी परातीत ओतलं, मंत्रलेलं म्हणे. आपल्या फडक्यानं बाळाला पुसलं, फडकं पाण्यात पिळलं, आणि पाणी निळंशार! बायका छातीवर क्रूस काढायला लागल्या.

"बघा, दिवा बाहेर पडतोय! अजून सहा अंघोळी, बस्स!"

तेवढ्यात नर्स झोर्का तपासायला आली. बाळ दुधालाही उठेना. तिचा चेहरा उतरला. "नेदा, आत्ता चल!"

"नाही! मी डोळ्यांनी बघितलंय."

झोर्कानं परात हुंगली. "अगं, हा तर लाल कोबी!"

घरोघरी लोणच्याच्या कोबीची पिंपं, वास सगळीकडे तोच. कुणाच्या लक्षात येणार? तिनं आजीच्याच बाटलीतलं पाणी घेतलं, टोपलीतला बटाटा त्याच फडक्यानं पुसला, फडकं पिळलं. निळं!

"आजी, हा बटाटा कुठल्या दिव्याखाली होता?"

"बटाट्यालाही नजर लागते!"

"फडक्याला खायचा सोडा लागलाय, आजी. कोबीच्या पाण्यात सोडा पडला की ते निळं होतंच."

सगळे खो खो हसले. ताई सोडून. "मग बीजाचं तेही खोटं?"

झोर्का शेजारी बसली. "सगळं नाही. काही अभ्यासांत दिव्याखालच्या बाळांच्या पेशींत जनुकांवर इजेच्या बारीक खुणा दिसल्यात. पुढे त्यानं काही होतं का, अजून शोधतायत. म्हणून गरजेपुरताच दिवा लावतो. पण कावीळ मेंदूत चढली तर काय होतं, ते पक्कं माहितीये. बहिरेपण, झटके, मरण. शंका जरूर घे, नेदा, पण दोन्ही बाजू तोलून घे. परातीत बघून नको."

ताईची सासू दारात आडवी आली. "चाळीस दिवस बाळंतीण उंबरा ओलांडत नाही!"

ताईनं बाळाला छातीशी घेतलं. एकीकडे कदाचित, कधीतरी, काहीतरी. दुसरीकडे हातातलं न उठणारं लेकरू. सासूला बाजूला सारून निघाली ती. तीन दिवस दिवा, आता बाळ भोकाड पसरून दूध मागतं!

पण खरं सांग, तिच्या जागी, तेवढ्या अर्ध्या मिनिटात, तू काय केलं असतंस?