भासऱ्यासमोर

उकंडराव घरात पाऊल टाकण्याआधी दारात खाकरत. ते खाकरणं ऐकलं की गोजर हातातलं काम टाकून आतल्या खोलीत जाई. गोजर म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची, अर्जुनाची बायको. उकंडराव तिचे भासरे. भासऱ्यासमोर उभं राहायचं नाही, तोंड दाखवायचं नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही, ही जानेफळपासून दोन कोसांवरच्या त्या खेड्यातली रीत होती. रीत कोणी घातली, हे विचारायचीही रीत नव्हती.

त्या सकाळीही तसंच झालं. चुलीवर अंबाडीची भाजी रटरटत होती, तव्यावर भाकरी होती आणि दारात उकंडराव खाकरले. गोजर आत पळाली. भाकरी जळली. जळलेली भाकरी कोणाच्या ताटात जायची हे ठरलेलंच असल्यामुळे त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. उकंडराव पाटावर बसले आणि आपल्या बायकोला, तानुबाईला म्हणाले, की बैलांसाठी सरकी भिजवली का ते तिला विचार. गोजर भिंतीआडून म्हणाली, भिजवली म्हणा. तानुबाईंनी ते नवऱ्याला पुन्हा सांगितलं. भिंत कुडाची होती, दोघांनाही एकमेकांचं अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. तरी तानुबाई मधे बसून प्रत्येक वाक्य दुसऱ्यांदा म्हणत, आणि त्यांना स्वतःलाही त्यात काही गमतीचं वाटत नसे.

गोजरचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती. या सगळ्या काळात उकंडरावांनी तिचा चेहरा नीट पाहिला नव्हता आणि तिचा आवाज फक्त भिंतीपलीकडून ऐकला होता. पुण्यामुंबईच्या वाचकाला हे खरं वाटणार नाही. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकाला यात सांगण्यासारखं काय आहे, असं वाटेल. पुढचा सगळा अनर्थ या दोन समजुतींच्या मधे घडला.

नवं महाराष्ट्र राज्य होऊन थोडाच काळ लोटला होता. गोजरचं मूल पोटातच गेलं आणि विश्रांतीसाठी भाऊराव तिला माहेरी, जानेफळला घेऊन आला. भाऊराव तिचा थोरला भाऊ. दर बाजाराला अर्जुन तिला भेटायला यायचा, ओसरीवर बसून चहा घ्यायचा, तिच्यासाठी आणलेला खाऊ लाजत लाजत खाली ठेवायचा. पुढच्या महिन्यात घेऊन जातो, असं तो म्हणाला होता. मग त्याला ताप भरला, आणि चार दिवसांत तो गेला.

गोजरला सासरी नेलं. परसात बायकांनी तिला घेरून बसवलं आणि तानुबाईंनी तिच्या हातातल्या बांगड्या फोडल्या. अशा वेळी पुरुष बाहेर असतात, तसे होतेच. दिवस झाल्यावर भाऊराव तिला परत घेऊन आला. गोजर रडली नाही. जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की निजायची. तिच्या आतलं काहीतरी बधिर झालं होतं.

वर्षभरानं भाऊरावनं अर्जुनाच्या वाट्याचं शेत मागितलं. ओढ्याकाठचं काळं रान, विहीर असलेलं. ते मिळालं असतं तर गोजरची चूल वेगळी मांडली गेली असती. नाहीतर जन्मभर भावजयीच्या हातून वाढून घ्यायचं. भावजय वाईट नव्हती, पण तिची चार लेकरं होती आणि वाढताना तिचा हात आखडायचा, हे गोजरला दिसत होतं.

उकंडराव शांतपणे म्हणाले, कोणतं शेत आणि कोणाचं? अर्जुनानं तर तिला माहेरी धाडण्याआधीच पंचांसमोर फारकत दिली होती. फारकत म्हणजे जातीच्या रिवाजाप्रमाणे मोडलेलं लग्न. लग्नच मोडलं तर विधवा कसली आणि वारसा कसला? पंचांपैकी दोघेजण तसं सांगायला तयारही झाले.

प्रकरण मेहकरच्या कोर्टात गेलं. गोजरचे वकील वामनराव, त्याच भागातले, चांगले जाणते गृहस्थ. पंच येऊन बोलून गेले. भाऊराव बोलला, पण तो सख्खा भाऊ, तो बहिणीच्या बाजूनंच बोलणार. बांगड्या फोडताना परसात ज्या बायका होत्या, त्यांच्यातली एकही कोर्टाची पायरी चढायला तयार नव्हती. फारकत घेतलेल्या बाईच्या बांगड्या सासरच्या परसात कोणी फोडत नाही, एवढी साधी गोष्ट सांगायला आता एकच माणूस उरलं होतं.

गोजर पिंजऱ्यात उभी राहिली. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. समोरच्या बाकावर उकंडराव बसले होते. ते प्रतिवादी, त्यांना तिथं बसण्याचा हक्कच होता. वामनरावांनी विचारलं, तुमच्या नवऱ्यानं तुम्हाला फारकत दिली होती का? गोजर बोलली नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. न्यायाधीश कोकणातले, सौम्य स्वभावाचे. बाई, घाबरू नका, जे खरं असेल ते सांगा, असं त्यांनी स्वतः समजावलं. पदराच्या आत गोजरचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. मग उकंडरावांचे वकील उठले आणि म्हणाले, फारकत झाली हे खरं आहे ना? गोजर तशीच उभी राहिली. प्रश्न वारंवार विचारूनही साक्षीदार उत्तर देत नाही, असं न्यायाधीशांनी टिपून घेतलं.

ती का बोलत नाही, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. कारकुनाला कळत होतं, दारावरच्या शिपायाला कळत होतं, दोन्ही वकिलांना कळत होतं. ज्याला निकाल लिहायचा होता, त्या एकट्या माणसाला ते ठाऊक नव्हतं. आणि ते त्याला सांगावं, असं कोणाच्याही मनात आलं नाही. वामनरावांच्या मनात क्षणभर आलं, पण भर कोर्टात आपल्याकडचं असलं घरगुती काय सांगायचं, असं वाटून ते गप्प बसले. जे सगळ्यांना ठाऊक असतं ते सांगावं लागत नाही, असं त्यांना वाटलं. या एका वाटण्यापायी बाई बुडाली, आणि वामनराव माणूस वाईट नव्हते म्हणून मला त्यांचा जास्त राग येतो.

परतताना एसटीत भाऊराव ओळखीच्यांना अभिमानानं सांगत होता, "आमच्या गोजरीनं कोर्टातबी भासऱ्याची मर्यादा सोडली नाई." ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. जानेफळात बायका मुद्दाम येऊन तिला पाहून गेल्या. लेक असावी तर अशी, असं म्हणाल्या. एखादा दिवस गोजरलाही बरं वाटलं. आपण तिच्या गळ्याभोवती जो फास आवळतो, त्याचं कौतुकही आपणच करतो, आणि तिलाही ते गोड वाटायला लावतो.

निकाल विरुद्ध गेला. फारकतीचा उघड आरोप होऊनही बाईनं तो नाकारला नाही, असं त्यात होतं.

भाऊरावनं अपील केलं. बुलढाण्याला मोठे साहेब आहेत, ते सगळं नव्यानं पाहतील, असं त्याला सांगितलं गेलं. ते खरंही होतं. पहिल्या अपिलात कोर्ट पुराव्याकडे पुन्हा पाहू शकतं. पण पाहायचं कशाकडे? मेहकरहून जे कागद गेले, त्यांत पंचांचं बोलणं होतं आणि गोजरचं गप्प राहणं होतं. वामनरावांनी अर्ज दिला, बाईची साक्ष आता घ्या. उत्तर मिळालं, की संधी दिली होती तेव्हा घेतली नाही, आता अपिलात ती पोकळी भरून काढता येणार नाही. गोजरला तर भाऊरावनं बुलढाण्याला नेलंही नव्हतं. बाईमाणसाचं तिथं काही काम नाही, असं ठरलं होतं.

दुसरा निकालही विरुद्ध गेला, तेव्हा वामनराव घरी येऊन तो वाचून, समजावून सांगत होते. गोजर दाराआड उभी होती. आपण नाही म्हटलं नाही म्हणून हो धरलं, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.  सकाळी चुलीशी बसलेल्या भाऊरावसमोर येऊन म्हणाली, "दादा, आता कुठीबी विचारतीन तं मी बोलीन. ते समोर बसले असले तरी बोलीन."

भाऊराव त्याच दिवशी वामनरावांकडे गेला. मग नागपूरला उच्च न्यायालयात दुसरं अपील करायचं ठरलं.

त्यानंतर गोजर गोठ्यात म्हशीची धार काढताना पदर मागे टाकून पाठ करायची. फारकत झाली नाही. ते दर बाजाराला येत होते. माझ्या बांगड्या जाऊबाईंनी फोडल्या. आधी आवाज निघायचा नाही, मग निघू लागला. म्हैस रवंथ करत उभी राहायची. जगात तिच्याइतकं ऐकून घेणारं दुसरं कोणी गोजरला त्या दिवसांत भेटलं नाही.

मेहकरहून एसटीनं अकोला आणि तिथून रेल्वेनं नागपूर. गोजरनं रेल्वे पहिल्यांदाच पाहिली, पण खिडकीबाहेर तिचं लक्ष नव्हतं. ती मनातल्या मनात तेच घोकत होती. नागपूरच्या वकिलांनी तिला पाहिलं आणि भाऊरावला बाजूला घेऊन विचारलं, की यांना कशाला आणलंत? भाऊराव म्हणाला, साहेब, ती बोलणार आहे.  वकील म्हणाले, "इथं कोणी साक्ष घेत नाही हो. इथं पिंजरा नसतो. खालच्या कोर्टानं कायदा लावताना चूक केली का, एवढंच बघतात."

भाऊरावला ते नीट समजलं नाही, आणि गोजरला सांगायचा त्याला धीर झाला नाही.

उंच छताच्या दालनात ती मागच्या बाकावर बसली. डोक्यावर पदर होता, चेहरा उघडा होता. वकील उभे राहिले. गप्प राहणं म्हणजे कबुली नव्हे, हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो चांगला मांडला. न्यायमूर्ती लक्ष देऊन ऐकत होते. त्यांनी विचारलं, पण ही बाई स्वतःच्याच वकिलाच्या प्रश्नालाही का बोलली नाही? वकील म्हणाले, त्या भागात भासऱ्यासमोर बोलण्याची रीत नाही, आणि तो समोरच बसला होता.

न्यायमूर्तींनी कागद मागे-पुढे चाळले. "हे यात कुठं आहे?"

कुठंच नव्हतं. कोणी सांगितलंच नव्हतं. न्यायमूर्तींच्या चेहऱ्यावर खेद दिसला, असं वकील नंतर म्हणाले. दोन्ही कोर्टांनी वस्तुस्थिती एकसारखीच ठरवली आहे, ती बदलण्याचं कायदेशीर कारण दिसत नाही, म्हणून अपील दाखल करून न घेताच फेटाळलं गेलं. त्यांनी पुढचं प्रकरण हातात घेतलं. त्याच वेळी गोजर उभी राहिली. आता आपल्याला विचारतील, असं तिला वाटलं होतं. तिचं तोंड उघडलेलं होतं. शिपाई हळूच जवळ आला आणि म्हणाला, बाई, तुमचं झालं, बाहेर चला.

बाहेर भाऊरावनं तिला सांगितलं, की खटला संपला, आता कोणी विचारणार नाही. तिनं मान हलवली. परतीच्या सगळ्या प्रवासात तिनं पाणीसुद्धा मागितलं नाही.

जानेफळला एसटीतून उतरल्यावर ती म्हणाली, "मले त्यायच्या घरी जायचं हाये." भाऊरावनं काऊन म्हणून विचारलं, पण ती चालायला लागली होती.

उकंडराव दारातल्या ओट्यावर बसले होते. तानुबाई सुपात ज्वारी पाखडत होत्या. गोजर समोर येऊन उभी राहिली. पदर हनुवटीपर्यंत नव्हता. उकंडरावांनी सवयीनं नजर खाली केली. गोजरनं गोठ्यात घोकलेलं सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता, आवाज न चढवता. फारकत झाली नव्हती. तुमचा भाऊ मला न्यायला येणार होता. माझ्या बांगड्या या घराच्या परसात फुटल्या. आणि मग ती थांबली, कारण एवढंच पाठ केलेलं होतं.

उकंडरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते बायकोकडे वळून म्हणाले, "तिले सांग, हे कोर्टात बोलाचं होतं."

तानुबाईंचे हात सुपावर थांबले. आयुष्यभर त्यांनी या घरात हेच काम केलं होतं. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मी नाई सांगत," त्या म्हणाल्या. "ती तुमच्यासंगं बोलून राह्यली. तिलेच सांगा."

उकंडराव बसून राहिले.  जिच्या शेतावर त्यांनी नांगर घातला होता, तिच्या तोंडाकडे पाहून एक वाक्य बोलणं त्यांना जमलं नाही. थोड्या वेळानं ते उठून घरात गेले. तानुबाई दाराकडे पाठ करून तशाच बसल्या होत्या. गोजर त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

शेत उकंडरावांकडेच राहिलं. त्यावर आता कुठं दाद नाही. कोर्टाला दोष देणं सोपं आहे, पण कोर्ट तेवढंच वाचतं जेवढं आपण बोलतो, आणि वरचं कोर्ट तेवढंच बघतं जेवढं खालच्यानं लिहून घेतलं. वाचकहो, गोजरचं तोंड मेहकरच्या पिंजऱ्यात बंद झालं नव्हतं. ते बंद झालं होतं त्या पहिल्या खाकरण्याला, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, आणि त्या दिवशी घरात आपल्यासारखीच चांगली माणसं बसलेली होती. तुमच्या घरात अजूनही कोणी भिंतीआडून बोलत असेल, तर आज जेवायला बसाल तेव्हा तिला समोर बोलवा आणि काहीतरी विचारा. भाजीत मीठ किती घातलं, एवढं विचारलंत तरी चालेल. तिला उत्तर देऊ द्या.