डोळ्यांनी दिलेली उत्तरं

चकलांब्याच्या माळावर मेंढरं चारताना बंकटच्या पायातली चप्पल कधी गळून पडली, त्याला कळलंच नाही. संध्याकाळी तळव्यात बाभळीचे चार काटे निघाले, तरी दुखलं काहीच नव्हतं. मागच्या आठवड्यातल्या जुलाबांचा अशक्तपणा असेल, असं म्हणून त्यानं ते अंगावर काढलं. दुसऱ्या दिवशी गुडघे उचलेनात. तिसऱ्या दिवशी हातातून तांब्या निसटला, तसं भाऊ रामेश्वरनं त्याला जीपमध्ये घालून शहराच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी बंकटच्या बायकोला, चतुराबाईला, समजावून सांगितलं, "रोगापासून अंगाची राखण करणारी ताकद असते ना, तीच चुकून यांच्या नसांवर उठलीय. जीबीएस म्हणतात. बहुतेक जण बरे होतात, पण वेळ लागतो."

"म्हंजी राखणीचं कुत्रंच मेंढराला चावलं," चतुराबाई म्हणाली.

"तसंच समजा."

त्याच रात्री बंकटचा श्वास अडला आणि घशात यंत्राची नळी घातली गेली. त्याला सगळं ऐकू येत होतं, समजत होतं; हलत होत्या फक्त पापण्या. माणसं त्याच्या अंगावरून एकमेकांशी बोलत, जणू तो तिथं नव्हताच.

चतुराबाई एक दिवस गावाकडं मेंढरांमागं जाई, एक दिवस दवाखान्यात येई. तिनंच तोड काढली.

"हां असंल तर एकदा डोळे मिटा, न्हाई असंल तर दोनदा. मेंढरं तळ्याच्या अंगाला न्यावी का?"

दोनदा.

"पाटलाच्या मोकळ्या रानात?"

एकदा.

एके दिवशी ती जरा घुटमळली. "भावजी म्हणतेत, कळप इकून टाकावा. इकायचा का?"

पुन्हा चालता येईल का, हेच बंकटला ठाऊक नव्हतं. 'हां' म्हणणंच शहाणपणाचं होतं. त्यानं डोळे उघडेच ठेवले, पार पाणी येईस्तोवर.

चतुराबाईनं पदरानं ते टिपलं. "बरं. मी हाय तवर ऱ्हाऊ द्या."

तीन आठवड्यांनी नळी निघाली. बसायला महिना गेला, उभं राहायला आणखी दोन. पाचव्या महिन्यात तो काठी टेकत माळावर आला आणि त्यानं मेंढरांना हाळी दिली. दोन-चार मेंढरांनी माना वर केल्या, परत खाली घातल्या. मग चतुराबाईनं हाळी दिली, तशी सगळी तिच्याकडं वळली.

"तुमचा आवाज बारीक झालाय," ती ओशाळून म्हणाली.

कारण ते नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. बंकटनं दगडावर बसून मेंढरं मोजली. मनात काहीतरी टोचत होतं. पण त्या कळपातलं एकही मेंढरू कमी झालेलं नव्हतं, हेही तो बघत होता.

"उद्यापासून तू म्होरं ऱ्हा," तो शेवटी म्हणाला. "लंगडी, गाभणी मागं पडतेत, त्यांच्यासंगं मी येतो."

सकाळी कळप चतुराबाईमागं पुढं गेला, तो मात्र वाटेवरच्या विहिरीपाशीच दमून थांबला. तळव्यांना अजून मुंग्या येत होत्या. एक गाभण मेंढी त्याच्याजवळ थांबली होती. दोघं दम खाऊन पुढं निघाली.