राखणदार जागा झाला!

"जागा झाला! राखणदार जागा झाला!" मा गुरूने पिवळा कागद उंच धरला आणि शाळेच्या मैदानात एकच गलका उठला. कोणी रडत होतं, कोणी जमिनीला कपाळ टेकत होतं. म्हातारा हाओ देशान नुसता हसत होता. त्याच्या अन्ननलिकेत कॅन्सरची गाठ होती आणि उद्या सकाळी शहरात ऑपरेशन होतं.

"आता कशाला छाती फाडून घ्यायची?" तो लेकीला म्हणाला. "मी काही येत नाही."

लेकीने, रुइपिंगने, त्याचा दंड धरला. ती याच शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. चीनमधल्या ताईहांग डोंगरांच्या या खोऱ्यात याच आजाराने घशाशी घास अडकून गेलेलं माणूस घरोघरी होतं.

मा गुरूची टकळी चालूच होती. "हॉस्पिटलवाले मांसाचा तुकडा काढतात, रंगवतात, मग पेशीचा राखणदार झोपलाय का ते बघतात. मला नुसती थुंकी पुरे! चूळ भरून थुंकलात, कागद लाल झाला, म्हणजे राखणदार झोपलेला. माझं भारलेलं पाणी पिऊन थुंकलात, पिवळा झाला, म्हणजे जागा! विश्वाची ऊर्जा हो, विश्वाची!"

बापाच्या तोंडाला आंबूस वास येत होता. रुइपिंगने गुरूच्या हातातला एक कोरा पिवळा कागद हिसकावला.

"बाई, हात लावू नका! ऊर्जा जळेल!"

"जळू दे."

तिने नळावरचा ओला साबण कागदावर घासला. कागद लालभडक झाला.

"बघा, साबणालाही कॅन्सर झालाय!" मग तिने भारलेलं पाणी ओतलं. लाली उतरली. "झाला बरा बिचारा!"

कोणीतरी फिसकन हसलं.

"कागद हळदीत बुडवलाय. वाफवलेल्या पावात घालतो त्या सोड्याने हळद लाल होते, आंबटाने परत पिवळी. चुळेच्या पाण्यात सोडा आहे, याच्यात व्हिनेगर. चाखून बघा."

गर्दीतल्या त्सुई काकूंनी बोट बुडवून चाटलं. "अगं बाई, व्हिनेगरच की मेलं!"

मा गुरू पिशवी आवरू लागला, तसे गावातले चौघे फाटकात आडवे उभे राहिले.

"असं काही कोणी दाखवलं की पाणी आपलं द्या, कागद आपला द्या," रुइपिंग ओरडून म्हणाली, "आणि म्हणा, आता करून दाखव!"

देशान मात्र हसला नाही. "हॉस्पिटलातही रंगच ना? त्यात काय निघालं? मला कोणी काही सांगितलंच नाही."

इथे आजाऱ्याला खरं सांगायची रीतच नाही. रुइपिंग त्याच्याजवळ येऊन बसली.

"बाबा, पेशी भलतीच वाढू लागली की तिला आवरणारं एक प्रथिन असतं, त्यालाच राखणदार म्हणतात. तुमच्या गाठीत तेच बिघडून साचलंय, म्हणून रंगवल्यावर डाग गडद आला. असा आजार बऱ्याचदा जास्त आडदांड निघतो."

"म्हणजे मी मरणार."

"नाही! रंगाने शक्यता कळते, नशीब नाही. गाठ अजून लहान आहे. म्हणून तर शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाई करा. मी घाबरले, गप्प बसले. चुकलंच माझं."

"आधी बोलली असतीस, तर या लबाडाच्या कागदावर थुंकायला आलो असतो का मी?" म्हातारा उठला. त्सुई काकू बाहीत तोंड लपवून रडत होत्या. त्यांच्या नवऱ्यालाही कॅन्सर होता, पण त्यांनी त्याला नुसता वात झाला म्हणून सांगितलं होतं.

"येतो मी उद्या," देशान म्हणाला. "पण त्या डॉक्टरीणबाईंना सांग, यापुढे जे काय निघेल ते माझ्या तोंडावर सांगायचं."