दादानं ऐकलं

दादा कुणाचं ऐकायचा नाही. सुतारकामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हट्टातही. धाकटा भाऊ इतकी वर्षं त्याच्याच कारखान्यात राबत होता, पण टेबलाचा पाय किती जाड ठेवायचा, एवढंसुद्धा त्याला कधी ठरवता आलं नव्हतं.

छातीत कळ आली तेव्हा दादाला अक्षरशः उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. हृदयाच्या पुढच्या रक्तवाहिनीत अडथळा होता, तोही बोटभर लांब. नळी उघडी धरणाऱ्या जाळीचा एक स्टेंट पुरेना. डॉक्टरीणबाईंनी दोन बसवले, एकाचं टोक दुसऱ्यावर चढवून.

"म्हणजे सांधा आला की," दादा खाटेवरून म्हणाला. "पक्का बसलाय ना?"

बाई हसल्या. "पक्का आहे. जाळीला औषध लावलेलं आहे, म्हणून नळी सहसा पुन्हा भरत नाही. पण त्याच औषधामुळे आतली जखमही सावकाश भरते. तोवर रक्त गोठू न देणाऱ्या या दोन गोळ्या मला विचारल्याशिवाय एक दिवसही सोडायच्या नाहीत."

दादा खडखडीत बरा झाला. पुन्हा रंधा मारायला लागला. मग एकदा पटाशी निसटली. जखम एवढीशी, पण रक्त थांबता थांबेना. अंगावर काळेनिळे डाग तर आधीपासूनच उठत होते. धाकट्याला बघवेना.

"दादा, आता तू ठणठणीत आहेस. जखम भरेपर्यंत गोळ्या सोड की. बाईंना कशाला त्रास द्यायचा?"

"म्हणतोस?" दादानं बोटावरची पट्टी बघितली. "बरं."

खोटं कशाला सांगा, धाकट्याला मनातून गुदगुल्याच झाल्या. जन्मात पहिल्यांदा दादानं त्याचं ऐकलं होतं.

आठवडा उलटायच्या आत दादा कारखान्यातल्या भुशातच कोसळला. स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी झाली होती. बाईंनी शर्थ करून नळी मोकळी केली. जीव वाचला, पण हृदयाचा मोठा भाग कायमचा कामातून गेला.

"गोळ्या कुणी बंद करायला सांगितल्या?" बाईंचा आवाज चढला होता.

धाकट्यानं तोंड उघडलं. त्याच्याआधी दादाच धापा टाकत म्हणाला, "कुणी नाही. मीच विसरलो."

आणि धाकटा गप्प बसला. दिलेल्या सल्ल्यापेक्षा ते गप्प बसणंच त्याला जास्त खातं.

आता दादा कारखान्यात नुसता स्टुलावर बसतो. रंधा उचलवत नाही. गोळ्या धाकटाच त्याच्या हातावर ठेवतो. एकदा अगदीच राहवेना, तेव्हा त्यानं वहिनीला सगळं सांगून टाकलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मला माहीत आहे, भाऊजी," ती खालमानेनं म्हणाली. "त्यांनी घरी येऊन मला विचारलं होतं. मीही हो म्हटलं."

तेवढ्यात आतून दादाचा खोकला ऐकू आला. वहिनी लगबगीनं उठली. धाकटा पाण्याचा पेला भरून तिच्यामागे गेला.