चमचाभर उल्हासराव

तिसरी गोळी घेतल्यावर मिरजेचे उल्हास पाटणकर दिवाणावर पडल्या पडल्या विरजले. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, घट्ट, कवडीदह्यासारखे.

डॉक्टर शिरगुप्प्यांनी त्यांच्या पोटातले जंतू तपासून, कामाचे तेवढे निवडून, खास त्यांच्यापुरत्याच या गोळ्या बांधून दिल्या होत्या. पोटदुखीपायी इतकी वर्षं मऊ भातावर काढलेल्या माणसाला आज ठेचा-भाकरी मिळायची होती. मिरच्या तव्यावर पडल्यासुद्धा होत्या.

"छान लागलंय," नलिनीताई बोट लावून म्हणाल्या. "पण हलू नका हं, मोडाल."

समोरच्या मगदूमबाई वाटी घेऊन आल्या. "चमचाभर द्या वहिनी. आमच्या ह्यांची सकाळची बोंब तुम्हाला ठाऊकच आहे."

"ते माझ्या एकट्याचं औषध आहे," उल्हासराव म्हणाले.

"विरजणाला कुणी नाही म्हणतं का?" मगदूमबाईंनी नलिनीताईंनाच विचारलं.

नलिनीताईंनी मनात हिशेब मांडला. गॅस संपला तेव्हा सिलिंडर मगदूमांचा, मुलीच्या लग्नात पाहुणे मगदूमांकडे. त्यांनी चमचा घातला. दुखलं नाही. बेंबीशी खड्डा पडला आणि त्यात पाणी सुटायला लागलं.

मग वरच्या शमीमभाभी बागवान आल्या. सोसायटीचे सेक्रेटरी शेडबाळे तर डबाच घेऊन आले, मेंटेनन्स मागताना हात पुढे करतात तसा पुढे धरून.

नलिनीताईंनी डॉक्टरांना फोन लावला. "पाणी ओतून टाकू नका, पौष्टिक असतं," डॉक्टर म्हणाले. "आणि थोडे मलाही ठेवा."

शेवटी उरले तेवढे उल्हासराव नलिनीताईंनी निपटून एका वाटीत काढले आणि जेवणाच्या टेबलावर ठेवले.

मिरजेच्या उन्हाळ्यात विरजण दुपारपर्यंत लागतं. तिन्ही घरांत लागलं, तिन्ही पुरुषांनी ते खाल्लं आणि तिघंही पावलांचा आवाज न करता पाटणकरांच्या दारात येऊन उभे राहिले. मगदूमांनी चष्मा कपाळावर सारला, अगदी उल्हासराव सारतात तसा. बागवानांनी उल्हासरावांसारखंच खाकरून घेतलं.

"नलू, वाढतेस ना?" शेडबाळे म्हणाले. या नावानं त्यांना नवऱ्याशिवाय कुणीच हाक मारत नसे.

नलिनीताईंनी हातातलं उलथनं शेडबाळ्यांवर रोखलं.

"नलू, मी इथे आहे," वाटीतून उल्हासराव म्हणाले.

"इथेच तर आहे," तिघं एका आवाजात म्हणाले आणि पाटावर बसावं तसे खुर्च्यांवर मांडी घालून बसले. ती खास पाटणकरांची खोड.

नलिनीताईंनी वाटीकडे पाहिलं, मग भरलेल्या तीन खुर्च्यांकडे. कुठे जास्त आणि कुठे कमी, ते दिसतच होतं. त्यांनी पानं घेतली.

ठेचा तिघांच्या जिभेला लागला तशी वाटीतल्या दह्याला झिणझिणी आली. भाकरीची चव उल्हासरावांना तीन ठिकाणी लागत होती आणि पोट एकाही ठिकाणी दुखत नव्हतं.

"जाळ झालाय गं," शेडबाळे डोळे पुसत म्हणाले. "जरा दही वाढ."

नलिनीताईंनी चमचा घेतला.