तीन बातम्या, एक विहीर

“इथं सगळं ठीक आहे. तुमचं सांगा.”

अमृता पाच वर्षांची होती तेव्हापासून हा आवाज तिच्या कानात मुक्कामाला होता. दर रविवारी सकाळी वलवणच्या घरात फोन वाजायचा, आजी सरूबाई पदराला हात पुसत धावायची, आई अनघा तिच्याही आधी पोचायची, आणि शेवटी रिसीव्हर अमृताच्या हातात यायचा. लांबून, वाऱ्यातून चाळून आल्यासारखा बाबांचा आवाज.

“बाबा, तुम्ही तिथं काय करता?”

“कागदं लावतो, बाळा.”

“रोज?”

“रोज. लय कागदं असतात.”

शाळेत कुणाचा बाप रणगाड्यावर होता, कुणाचा तोफखान्यात. अमृता सांगायची, “माझे बाबा कागदं लावतात,” आणि सगळा वर्ग हसायचा. गावातही तिच्या बाबांना, सुहासला, ‘फौजेतला कारकून’ म्हणत. सरूबाई म्हणायची, “असू दे कारकून. पेन तर पेन, पोरगं धड परत येतंय न्हवं?”

अठ्ठावीस वर्षं पुरी करून गेल्या वर्षी सुहास सुभेदार होऊन परत आला. काळी ट्रंक उतरवली, आईच्या पायाला हात लावला, आणि आठवडाभरानं, अंगणात पावटे सोलायला बसला असताना, शेंगेतून दाणा निसटावा तशी एक गोष्ट बोलून गेला. तो सैन्याच्या गुप्तवार्ता विभागात होता. एवढं सांगायला आता हरकत नव्हती.

अमृताच्या हातातली शेंग तशीच राहिली. “म्हणजे वेष बदलून? पिस्तूल घेऊन?”

सुहास इतका हसला की परडी कलंडली. “वेष कसला! एकच चष्मा होता, तोही फुटका.”

मग त्यानं पावट्यांवरच समजावलं. “हे बघ. वरच्या साहेबाला एक प्रश्न पडतो. डोंगरापलीकडं काय चाललंय? तो प्रश्न खाली येतो, मग आमच्यातले काही कान-डोळे उघडतात. गस्तीवरचा जवान काय बघून आला, मेंढपाळ काय बोलला, तिकडच्या वर्तमानपत्रात काय छापलं, आकाशातून काढलेल्या फोटोत काय दिसतं. सगळं या परडीत येतं. शेंगा, काड्या, किडके, सगळं एकत्र. मग बसतात सोलणारे, निवडणारे. चांगला दाणा एका ताटात, शंकेचा दुसऱ्या. शेवटी एकजण दोन्ही ताटं बघून साहेबाला सांगतो, आज भाजी होईल की नाही. आणि वेळेत सांगतो. जेवण झाल्यावर सांगून उपयोग काय?”

“आणि तुम्ही?”

“मी निवडणारा. कागदं लावायचो ना!”

मग त्यानं सांगितलं की अशी एक छोटी टोळी प्रत्येक मोठ्या छावणीजवळ असते, तिच्यावर मोठी, तिच्यावर आणखी मोठी. ओढा नदीला मिळावा तशी बातमी वर वर जाते, आणि वरून प्रश्न खाली खाली येतात. आणखी एक टोळी असते, ती शत्रूकडं बघतच नाही. आपल्याच छावणीच्या कड्या-कुलपं बघते. कोण फोनवर जास्त बोलतो, कुणी कागद न फाडता टाकला, कुणी बायकोला पाठवलेल्या फोटोत मागचा डोंगर दिसतोय.

“म्हंजी सुनंवर पाळत ठिवणारी सासू!” सरूबाई म्हणाली.

“व्हय, आई. सरकारमान्य सासू.”

“आणि बातमी खरी की खोटी, कसं कळतं?” अमृतानं विचारलं.

“दोन खुणा करायच्या. अक्षर माणसाचं, आकडा बातमीचा. सांगणारा किती भरवशाचा, ते अक्षर. सांगितलेलं कितपत पटतं, तो आकडा. भला माणूसही चुकीची बातमी आणतो आणि लबाडही कधी खरं बोलतो. म्हणून दोन्ही वेगवेगळं.”

सरूबाईनं मान डोलावली आणि दाणे चाळता चाळता सुरात म्हणाली,

“बातमी माझी बाई, उंबऱ्यात रांगती,
येशीला पोचता गं, घोडीवर बसती.”

सुहासनं आईकडं बघितलं. “हे पंचवीस वर्षांपूर्वी सांगितलं असतंस तर माझं निम्मं शिक्षण वाचलं असतं.”

“कुठं होता बाबा तुम्ही?” अमृतानं हळूच खडा टाकला.

“डोंगरात.”

“कुठल्या?”

“उंच.” आणि त्यानं पुढची शेंग उचलली.

त्या हिवाळ्यात बाप-लेकीची नव्यानं ओळख होत होती. अमृता तळेगावच्या कारखान्यात मापं तपासण्याच्या कामाला होती. संध्याकाळी ती आली की सुहास चहा टाकायचा, तिचा डबा स्वतः घासायचा, आणि मशिनवर काय काय झालं ते नवशिक्यासारखं विचारायचा. अशाच एका चहावर तिनं सांगून टाकलं. इंदुरीचा अतुल. लोणावळ्याला रेल्वेत आहे, घाटात गाड्यांना मागून रेटा देणाऱ्या इंजिनांचं काम बघतो. तळेगावच्या फलाटावर ओळख झाली. दोघांना लग्न करायचंय.

अनघा खूश झाली. सरूबाईनं विचारलं, “बुद्धवंदना येती का पोराला?” येते म्हटल्यावर तिचंही समाधान झालं. सुहास मात्र कप खाली ठेवून म्हणाला, “चौकशी करू.”

चौकशी तर प्रत्येक सोयरिकीत होते. कुणाची मावशी, कुणाचा साडू, चहाच्या दोन कपांत मुलाची कुंडली बाहेर येते. पण या घरातली चौकशी निराळी होती. सुहासनं खाकी फाईल आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं: ‘प्रश्न – मुलगा कसा आहे?’ दोन आठवडे तो स्कूटरवरून कुठं कुठं जाऊन आला. मग एका बुधवारी फाईल ट्रंकेत गेली.

“अमृता, रविवारी इंदुरीची मंडळी येणार होती ना? या रविवारी नको म्हणून कळव.”

“का?”

“कळव.”

घरात सुतक पडल्यासारखं झालं. शुक्रवारपर्यंत अमृतानं वाट बघितली. मग ती सरळ ट्रंकेपाशी जाऊन बसली. “बाबा, मी काही शत्रू नाही. फाईल दाखवा.”

सुहासनं किल्ली दिली.

आत तीन कागद होते. रिक्षावाला नथू: मुलगा रोज संध्याकाळी खंडाळ्याच्या एका बंगल्यात जातो, आत बाई असते. दूधवाला बजरंग: बंगल्यातल्या बाईला मुलानं ठेवलंय. अनघाची मावसबहीण: त्या दोघांनी गेल्या उन्हाळ्यात लग्नच केलंय. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एकच खूण होती. ब-दोन. माणूस भरवशाचा, बातमी बहुतेक खरी.

अमृतानं कागद खाली ठेवले, पुन्हा उचलले. मग कारखान्यातली अमृता जागी झाली. एकच पट्टी तीनदा लावली म्हणजे तीन मापं होत नाहीत.

“बाबा, यातलं कुणी स्वतः बघितलंय?”

सुहास पाण्याचा तांब्या भरायला आत गेला. तो भरलेलाच होता.

शनिवारी अमृतानं अर्धी रजा टाकली. बजरंग म्हणाला, “मी कशाला बगतोय? मला नथूनं सांगितलं.” नथू म्हणाला, “झुंबरबाई माज्याच रिक्षातनं कामाला जाती की. तिनं सांगितलं.” मावशी म्हणाली, “महिला मंडळात झुंबरबाई बोलत होती बाई, मी आपलं पुढं पोचवलं.” आणि झुंबरबाई खंडाळ्याला एका बंगल्याचा व्हरांडा झाडत सापडली.

“मी? मी कुटं म्हणलं लगीन झालं? मी इतकंच म्हणलं, शेजारच्या बंगल्यापाशी त्या पोराची गाडी उबी असती आन आत बाई गाती. लय ग्वाड गाती. मी तर झाडू ठिवून भिंतीला कान लावती!”

“बाईला बघितलंत?”

“कशी बगणार? भिंत बग की केवढी हाय!”

अमृतानं तिथूनच घरी फोन केला. “बाबा, खंडाळ्याला या. आत्ता.”

सुहास आला. पण सवय ती सवय. त्यानं स्कूटर बंगल्यापासून शंभर पावलांवर आंब्याच्या आडोशाला लावली आणि वाकून फाटक न्याहाळायला लागला.

“बाबा, काय करताय?”

“आत शिरण्याआधी तासभर बघावं लागतं. कोण येतं, कोण जातं...”

“मी जाते आणि तुम्ही येता,” असं म्हणून अमृतानं फाटकाची कडी वाजवली.

फाटक उघडंच होतं. मागच्या बाजूला रखवालदाराची खोली होती आणि तिच्या ओट्यावर सत्तरीतल्या भामाबाई बसल्या होत्या. कपाळ मोकळं, हातात छोटी दिमडी, बोटांनी ताल धरलेला. तरुणपणी त्या भीमगीतांच्या जलशांतून गावोगाव गायच्या. आता लेकासोबत बंगला राखायच्या. त्यांच्यासमोर चटईवर रेल्वेच्या निळ्या कपड्यांत अतुल मांडी घालून बसला होता, डोळे मिटून, मान वर करून, आणि जो आवाज काढत होता त्याला गाणं म्हणायला फार मोठं मन लागलं असतं.

“थांब रं, थांब!” भामाबाई म्हणाल्या. “तुज्या गळ्यात इंजिन अडाकलंय. घाट चढंच ना!”

“मावशी, थोडा तरी वर जातोय की.”

“जातोय, पर मागनं ढकलावा लागतोय.”

अमृताला हसू आवरेना. अतुलनं डोळे उघडले आणि त्याचा चेहरा पळसासारखा लाल झाला. तो उठला, चटईत अडखळला, मागं उभ्या सुहासला बघून अगदी ताठ झाला. “जय भीम, सर.”

“जय भीम,” सुहास म्हणाला. “हे काय चाललंय?”

“साखरपुड्याला... म्हणजे तुम्ही हो म्हणालात तर... सगळ्यांसमोर बाबासाहेबांवरचं एक गाणं म्हणायचं होतं. अमृताला न सांगता. तीन महिने शिकतोय.”

“तीन म्हैन्यांत ध्रुवपद आलं,” भामाबाई म्हणाल्या. “म्हंजी येतंय. लगीन जरा लांबवा, दादा, कडवं बाकी हाय.”

भिंतीपलीकडून झुंबरबाई मोठ्यानं हसली. तिचा कान अजून तिथंच होता.

भामाबाईंनी गवती चहा टाकून चहा केला. सुहास तो ओट्यावर बसून, बशीत ओतून प्यायला. मग अतुलला विचारलं, “मंडळी उद्या येतील का इंदुरीहून?” अतुल इतक्या घाईनं ‘हो’ म्हणाला की दिमडीला पाय लागला. “बारा वाजता या. जेवायलाच. गाणं मात्र उद्या नको.”

परतताना दरीच्या कडेला सुहासनं स्कूटर थांबवली. खाली घाटात एक मालगाडी चढत होती, उन्हं तिच्या पाठीवर पसरली होती. अमृता खुशीत होती, तिला वडिलांची फिरकी घ्यावीशी वाटली.

“तीन माणसं, एक झुंबरबाई. एवढे मोठे सुभेदार, आणि तीन बातम्या एकाच विहिरीच्या निघाल्या?”

“या चुकीसाठी मी नवशिक्यांना दोन-दोन दिवस बोललोय.”

“मग तुम्हाला दिसलं कसं नाही?”

शेवटचा डबा बोगद्यात शिरला तरी सुहास तिकडंच बघत होता.

“दिसलं होतं.”

“कधी?”

“पहिल्याच दिवशी. नथू झुंबरबाईचं नाव घेऊनच बोलला होता. मी ते कागदावर लिहिलं नाही.”

अमृताचं हसू थांबलं. “का, बाबा?”

त्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला नाही.

“तू चोवीस वर्षांची. त्यातली चारच माझ्या वाट्याला आली, तीही सुट्ट्यांची. आत्ता कुठं मला कळायला लागलंय की तू चहात साखर कमी घेतेस, आणि दमलीस की बोलत नाहीस. तू अजून थोडे दिवस घरात राहावीस, म्हणून मला ती बातमी खरी हवी होती, अमृता.”